सात नंबरची नाव

एकोणीस उन्हाळे मी हा खटका ओढते आहे.
नावा येतात, नावा जातात, पाणी गुडघाभर.
बोगद्यात लाकडी करकोचे, एक पाणचक्की,
आणि शेवटच्या वळणावर चंद्र,
ज्याचा दिवा दर जूनमध्ये मी स्वतः बदलते.

दारात एक रंगवलेला करकोचा उभा.
चोचीखाली रेघ : एकशे वीस.
रेघेखालच्यांनी मोठ्या माणसासोबत बसावे.
ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत
त्यांनी मोठ्या माणसासोबत बसावे.
दोन्ही वाक्यं एकाच पाटीवर, एकाच पिवळ्या रंगात,
पण इतक्या वर्षांत एकमेकींशी कधी बोलली नव्हती.

मंगळवारी फेना आली.
चाकाची खुर्ची, मांडीवर पोर,
पोराच्या कानांवर निळी झाकणं,
विमानतळावर झेंडे दाखवणारे घालतात तसली.
खुर्चीच्या मुठीला लंगोटांची पिशवी,
तिच्यातून डोकावणारं अर्धं केळं.
वारा समुद्राकडून, तळलेल्या बटाट्यांचा वास घेऊन.

सीत्से सतरा वर्षांचा. पहिलाच हंगाम, पाटी तोंडपाठ.
"बाळासोबत मोठं माणूस कोण?"
"मी."
"आणि तुमच्यासोबत?"
तिनं खाली पाहिलं. पोर तिच्या कॉलरचं बटण चोखत होतं.
"हा. युर्रे. आठ महिन्यांचा आहे, पण जबाबदार आहे."

रांगेत कुणी हसलं नाही.

तेवढ्यात पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली,
"बाबा, बघ ना, तीपण रेघेच्या खाली आहे!"
होतीच. खुर्चीत बसलेली फेना, एकशे अठरा.
बापाचे कान लाल झाले, तो बुटांची नाडी बांधायला वाकला,
बुटांना नाडी नव्हती.

फेनानं पोराला काखेत धरून उचललं,
थेट आपल्या डोक्यावर उभं केलं.
"आता मोज. मिळून."
आणि सीत्सेनं, देव त्याचं भलं करो, खरंच टेप काढली.
एकशे शहाऐंशी.
पोराची लाळ करकोच्याच्या डोळ्यावर.
"बेरीज करू नये असं कुठं लिहिलंय?" तिनं विचारलं.

मी नियमाला हसत नाही.
बोगद्यात बावीस लोखंडी पायऱ्या आहेत, हिरव्या दिव्याखाली.
एकदा पंप बंद पडला, तेव्हा एका आजोबांना
पाठीवर घेऊन मी त्या चढले आहे.
त्यांची टोपी पाण्यात राहिली,
वर येईपर्यंत ते टोपीबद्दलच बोलत होते.
मी पायऱ्या मोजत होते.

म्हणून म्हणाले, "सीत्से, तू बस त्यांच्यासोबत."
पाटीवर मोठं म्हणजे सोळाच्या पुढचं. तो जरा ताठ झाला.
सपाट तळाची नाव एकच, सात नंबरची.
ती येईपर्यंत चौदा मिनिटं.
आली, तशी मी सगळंच थांबवलं, मागच्या नावा
पाणवठ्यावरच्या म्हशींसारख्या एकमेकींना ढुशा देत राहिल्या.
फळी, चार हूक, चार पट्टे.
कुणीतरी घड्याळ पाहिलं, मोठ्यानं.

सात मिनिटांनी नाव उजेडात आली.
युर्रे गाढ झोपलेला, पहिल्या वळणापासून म्हणे.
"म्हणजे त्यानं काहीच पाहिलं नाही," सीत्से हळहळला.
"मीही नाही," फेना म्हणाली, "मी ह्यालाच धरून होते."

मी हात पुढे केले.
नियमात हेही बसत नाही बहुतेक. मी वाचायला गेले नाही.
डाव्या हातावर पोर, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखं जड,
उजवा हात खटक्यावर.
सातवी नाव पुन्हा आत गेली,
आणि बोगद्याच्या तोंडाशी मला दिसले
फेनाचे दोन्ही हात, काठावरून पाण्यात सोडलेले.

परतली तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
वाटलं, आभार मानेल, किंवा रडेल.
"तुमचा चंद्र," ती म्हणाली, "लुकलुकतोय.
दिवा नाही, वायर सैल असणार."

एकोणीस वर्षं मी दिवाच बदलत होते.