विनंती थांबा

कंबर तलावाकाठी पहाटे साडेपाचला
आम्ही अकराजण वजन इकडून तिकडे नेतो.
एवढंच.
नेतो, आणि परत आणतो.

पुढे राजेशम गज्जम. जुन्या मिलमधला जॉबर,
माग अडला की आधी कान लावून ऐकणारा.
टॉवेलच्या एका व्यापाऱ्यानं त्याला एकदा चीनला नेलं
यंत्रांचे सुटे भाग पारखायला.
बावीस दिवस.
रोज सकाळी हॉटेलसमोरच्या बागेत
तिथल्या म्हाताऱ्यांच्या मागे उभा राहिला,
भाषा येत नव्हती, म्हणून नुसते पाय पाहिले.

'पाऊल टाकू नका,' तो सांगतो, 'ठेवा.
आधी टाच. भार मागनं येऊ दे.
रिकामा पाय रिकामाच राहू दे की, त्याला काय घाई?'
डोकं वरून एका दोऱ्याला टांगलेलं समजायचं,
ताणलेला नाही, सैलही नाही,
पीळ बरोबर बसलेला दोरा.
गुडघा अंगठ्याच्या पुढे गेलेला दिसला
की तो स्वतःच्याच गुडघ्यावर चापट मारतो
आणि तेलुगूत काहीतरी म्हणतो.
'हातांचं विचारू नका. कंबर वळली की हात येतात.
तलावाचं नाव काय उगाच आहे?'
हा विनोद रोजचा.
रोज फक्त यल्लव्वा हसते.

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर.
सोलापूर, वळसंग, अक्कलकोट,
दोन्ही हात पैशांत, पाठ सीटला न टेकता.
वाटलं, तोल मला कोण शिकवणार?
पण ती गाडी हलायची,
मी तिच्याशी भांडत उभा असायचो.
इथे काहीच हलत नाही
आणि घोटा थरथरतो.

आकृत्या मला लवकर आल्या.
चाबूक. ढगांचे हात. घोड्याची आयाळ
(मूळचा घोडा रानातला होता म्हणे,
आम्ही ओळखीचा घेतला, टांग्याचा).
राजेशम म्हणाला, 'बिराजदार, तुम्ही नुसते थांबे करताय.
मधलं कुठंय?'
काय सांगणार.
जन्मभर तिकीट थांब्यांचंच फाडलं.
मधल्या रस्त्याचं, बाभळींचं,
गिअर बदलताना सगळी गाडी क्षणभर
कुणाचीच नसायची, त्याचं
कुणी मागितलं नाही, मी दिलं नाही.

आमची चाल अर्धीच आहे.
बावीस दिवसांत तेवढीच बसली.
डावी टाच जमिनीला लागते,
भार अजून उजवीकडे,
आणि राजेशम म्हणतो, 'बास. हितं माझं विमान होतं.'
मग आम्ही चपला घालतो.

परवा चिप्पांची सून भाग्या
मोबाईल घेऊन आली. त्यात पुढचं सगळं होतं.
राजेशमनं चष्मा वर सारून उभ्यानंच पाहिलं. दोनदा.
दुसऱ्यांदा पाहताना त्याचा डावा पाय
चपलेतल्या चपलेत
भरत होता, रिकामा होत होता.
फोन परत दिला.
त्या दिवशी विनोदही केला नाही.

काल भाग्याला म्हणाला, 'हो पुढं.'
आणि स्वतः आला मागच्या रांगेत,
माझ्या शेजारी.

टाच लागली. विमानाची जागा आली.
ती थांबली नाही.
भार डावीकडे येऊ लागला,
झोपलेलं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात
तसा, जागं न करता.
मागची टाच सुटली, मग चवडा,
आणि सत्तरीतला राजेशम
आजवर कधी न गेलेल्या जागी
एका पायावर.
मीही. माझा उजवा हात सवयीनं वर गेला
डोक्यावरचा दांडा धरायला.
दांडा नव्हता.
समोर पाहिलं
तर भाग्याचाही हात वरच होता.

'हा कुठला थांबा?' राजेशमनं ओठातल्या ओठात विचारलं.
'विनंती,' मी म्हणालो.
पाय दोघांचेही अजून खाली यायचे होते.