कूलरमधले पाहुणे

"चारच दिवस," गौसमिया मिस्त्री म्हणाले होते,
म्हणून अंगणातल्या जुन्या हौदातलं सगळं
कूलरच्या टबात आणून ठेवलं:
एकवीस गप्पी मासे, शंखातल्या गोगलगायी,
शेवाळाचा एक गुंता,
आणि एक बेडूक, जो मोजायला थांबला नाही.
निवळ्या धरता आल्या नाहीत,
त्या रात्रीतून आपापल्या आल्या.

नवा हौद झाला. पण सिमेंटचं पाणी झोंबतं,
तीनदा भरा, तीनदा सोडा.
उदगीरच्या आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
बोटांवर हिशोब केला,
होळी उलटत होती.

आता पत्रा दुपारी तडतडतो.
सासूबाई पदरानं वारा घेत
टबाकडं बघतात,
"माशायची सोय केलीस, मान्सायचं काय?"
आणि तीनच्या सुमाराला
स्वतःच्या खिडकीचं ओलं पोतं काढून
टबावर टाकताना सापडतात.
मी पाहिलं नाही असं दाखवते.

काल पहाटे कूलरच्या गवताला
एक रिकामी साल चिकटलेली,
पाठीवर उभी चिरलेली, पाय सगळे शाबूत.
चतुर निघून गेला होता
भिंतीवरून, कुठल्या पाण्याकडं कोण जाणे.
तो आमच्या मोजणीत
नव्हताच.