जॉबर

वडलांचा शेवटचा माग विकून
हा डबा घेतला. दोनशे अँप आहेत म्हणे आत.
फरशीत मागाच्या बोल्टांची चार भोकं अजून तशीच.

तिसऱ्या आठवड्यात स्क्रीन गोठली.
मग नुसतं घूंऽऽ.

कंपनीतली बाई गोड.
अंबादासजी, बंद करून चालू केलंत का?
केलं. एकोणीस वेळा.
पत्ता कोल्हापूर ना?
सोलापूर. अशोक चौक.
बरं, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

गड्डममामा दारात बिडी विझवत :
"माग अडला की रात्री दोनला पाना घेऊन यायचो मी.
ह्यांचा जॉबर कुठं बसतो रे?"
सांगता आलं नाही.

प्लग काढून नुसत्या सहा तारा छेडल्या.
तेवढ्यात शेजारी येमूलांचा माग सुरू झाला,
ऐकूच आल्या नाहीत.