माया

शर्वाणी खोबरेकरचं माप माझ्या वहीत चार वेळा आहे,
दर वेळी आधीच्या आकड्यावर काट.
"आवळ गो काकी, आणखी आवळ."

मे महिना. पंख्याखाली मी घामाने निथळतेय
आणि तिच्या दंडावर काटा,
बारीक लव, तान्ह्या पोराची असते तशी.
टेप धरला तेव्हा बोटांच्या सांध्यांवर घट्टे दिसले.

माझी बहीण जेवून उठली की
न्हाणीत नळ सोडून ठेवायची.
आम्ही गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला.
डॉक्टरकडे नाही नेलं.

शर्वाणीची आई मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव करत होती.
बाजूला घेऊन सांगितलं.
भांडलीच आधी. "आमच्या घरात खायला कमी आहे?"
आठ दिवसांनी चप्पल न घालता दुकानात आली.

आता दर मंगळवारी कुडाळची एसटी.
डॉक्टरीणबाई वजन घेतात ते काट्याकडे तिची पाठ करून.
घरी घड्याळ लावून पेज, उकडा भात, तिखलं.
नंतर तासभर मायलेकी पत्ते कुटत बसतात.
एकदा ताट भिंतीवर गेलं. पुन्हा वाढलं.

मी माप मोठ्याने सांगायचं सोडलंय.
"बरी दिसतेस"ही म्हणत नाही, टोचतं तिला.

काल आली. "काखेत दाटता गो."
डोळे भरलेले. रागाने की कशाने, विचारलं नाही.
उसवायला घेतलं.
जास्तीचं कापड कापून टाक, म्हणाली होती तेव्हा.
मी हो म्हटलं होतं.
आत दोन बोटं माया निघाली.