अर्धा लिटर, वरून

सोसायटीची तिसरी नोटीस:
पेव्हर ब्लॉकवर तेलाचे डाग, सात दिवसांत बंदोबस्त करावा.
खाली खांडेपारकर बाईंची सही,
एका थेंबाचीही शाई न सांडलेली.

नाहूरच्या गॅरेजवाल्यानं टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं.
भांडुपच्यानं तेच पुन्हा बदललं, वर लाल पेस्ट थापली.
मुलुंडचा म्हणाला, मागचं सील गेलं, इंजिन उतरवावं लागेल,
आणि आकडा सांगताना फियाटकडे नाही,
माझ्या बुटांकडे पाहिलं.

शिवडीला, गोदामांच्या मागे, शेलटकर मिस्त्री.
पान्ह्यांची पेटी त्यांनी उघडलीच नाही.
आधी विचारलं, गाडी कुणाची?
वडिलांची, म्हटलं. होती.

"थेंब पडतो तिथं रोग नसतो.
तेल उताराला धावतं, आणि चालत्या गाडीत
वारा त्याला मागं रेटतो.
डाग खाली दिसला की वर बघायचं. आणि पुढं."

रॉकेल, दाढीचा झिजलेला ब्रश.
एकोणऐंशी सालापासूनचा चिकटा घमेल्यात उतरला
आणि पत्र्याखालून एक नंबर निघाला,
आरसी बुकात नुसता वाचलेला.
मग घामोळ्यांची पावडर,
डबा थोपटत थोपटत सगळ्या इंजिनभर,
न्हाऊ घातलेल्या पोराला लावावी तशी.
"आणा फिरवून. किल्ल्यापर्यंत."

ओहोटी होती. चिखलाचा वास काचेतून आत.
परत आलो तर त्यांनी हातआरसा खाली सरकवला, बॅटरी मारली:
पांढऱ्यावर एक काळी रेघ,
कव्हरच्या कोपऱ्यातून निघून
पार मागच्या सीलपर्यंत पोचलेली.

मला वाटलं, सापडलं.
ते म्हणाले, "हे दार झालं. ढकलतंय कोण?"

इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं.
फुस्स.
तळहात धरला वर, माझाही धरायला लावला:
गरम, ओला, रागावलेला श्वास.
ब्रीदरचा पाइप उपसला तर आत डांबर.
सायकलच्या तारेनं ते कोरत राहिले, बराच वेळ, न बोलता.
"वाफेला वाट नाही ठेवली
तर ती पॅकिंग फोडून निघणारच. पॅकिंगचा काय दोष?"

नवं कॉर्कचं पॅकिंग, साठ रुपये.
बोल्ट मधून कडेला, समोरासमोर, थोडे थोडे.
मी जोर लावायला गेलो तर मनगट धरलं:
"आवळलं की पत्रा वाकतो. मग जन्मभर गळतं."

ग्लोव्ह बॉक्समध्ये बाबांची वही आहे.
दर महिन्याला एक ओळ, निळ्या शाईत:
तेल अर्धा लिटर टाकले.
तेल अर्धा लिटर टाकले.
आई गेली त्या महिन्यातही, तारखेसकट.
कुठून जातं, हे एकाही पानावर विचारलेलं नाही.
आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती.
कमी झालं की वरून भर घालायची,
आणि सकाळी खालचा पुठ्ठा बदलायचा.

काल रात्री फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरला.
सकाळी रुपयाएवढा एकच डाग.
मिस्त्रींना फोन केला. ते हसले.
"जुनं इंजिन अगदीच कोरडं दिसलं
तर आधी तेल आहे का बघा."

काडी ओढली. पुसली. पुन्हा घातली, पुन्हा ओढली.
वरच्या खुणेला टेकलेलं, मधाच्या रंगाचं.

मग बाबांच्या शेवटच्या ओळीखाली,
शाई निळी मिळाली नाही म्हणून पेन्सिलीनं:
ब्रीदर साफ केला.
तेल टाकले नाही.