चौथी खाच

सांता लेओकादियात झाड नव्हतं. सोऱ्याची धूळ होती,
आणि शनिवारी सिनेमा.
यंत्र बाबांकडे. दिवसभर खडीच्या गाड्या ढकलणारा
एलेउतेरिओ मामानी
रात्री पत्र्याच्या खोलीत उजेडाचा मालक व्हायचा.

यंत्राच्या पोटात, तेलाच्या डबीत,
एक क्रूस होता. पोलादी, चार खाचांचा,
तेव्हाच्या माझ्या तळहातात मावेल एवढा.
शेजारी चाक, चाकावर एक खुंटी.
चाक थांबत नसे. एक पाळी संपवून
तसंच दुसरीवर उभं राहणाऱ्या माणसासारखं ते फिरत राही.
खुंटी गोल फिरून येई, खाचेत शिरे,
क्रूसाला पाव फेरा ढकलून निघून जाई.
मग चाकाची पाठ क्रूसाच्या कमरेला टेके.
आता हलायचं नाही.
तेवढ्यात पडद्यावर एक चित्र उभं राही.

"हलतं तेव्हा आपण झाकतो," बाबा सांगत,
"दाखवतो ते थांबलेलंच.
आणि लोकांना वाटतं, चाललंय."

ज्या वर्षी वारा महिनाभर पडला नाही
त्या वर्षी धूळ डबीत गेली,
ऐन चुंबनात क्रूसाची एक पाकळी तुटली.
लोकांनी बाकं आपटली. पैसे परत मागितले.
नवा यायचा तर वाल्पाराइसोहून, बोटीनं, दोन महिन्यांनी.
लेथवरचा बासिलिओ चोके म्हणाला, आण इकडे.

जुन्या छिन्नीचं पोलाद. कंदील. तीन रात्री.
मी दिवा धरायला होते म्हणून सांगते,
पहिल्या तीन खाचा अशा की पाणी ठरावं.
चौथीला त्याला खोकला आला.
तो सोऱ्यातल्या सगळ्यांना येतो तोच,
छातीच्या तळातून खरवडून येणारा.
हातातली कानस केसभर सरकली.
त्यानं कानस बघितली, मग माझ्याकडे बघितलं,
म्हणाला, "चालेल."

चाललं.
फक्त दर चौथं चित्र किंचित खाली बसायचं.
सेकंदाला सहा वेळा.
घोडे थरथरायचे, राजवाडे थरथरायचे,
फलाटावर उभी राहिलेली ती नटी,
गाडी सुटते, ती काहीच बोलत नाही,
आणि तिचा ओठ असा थरथरायचा
की मागच्या बाकावरचे दारुडेसुद्धा टोपी काढत.
"काय काम करते बाई," माझी आई म्हणायची.

बासिलिओ पुढच्या हिवाळ्यात गेला.
क्रूस अकरा वर्षं फिरला.

मग सोऱ्याला कोणी विचारेना. खाण बंद,
यंत्र वजनावर भंगारात.
बाबांनी त्याआधी डबी उघडून क्रूस काढून घेतला,
सुतळीत ओवून गळ्यात घातला.
पाद्री म्हणाले, हा कुठला क्रूस?
बाबा म्हणाले, माल्टाचा.
पाद्र्यांनी हात ठेवून आशीर्वाद दिला
आणि झग्याला बोटं पुसली. तेल होतं अजून.

इकिकेत मी शिवणकाम धरलं.
एकदा तोच सिनेमा लागला.
मखमली खुर्च्या, पंखे, मधल्या रांगेचं तिकीट.
फलाट आला. गाडी सुटली.
ती उभी होती,
आणि तिचा ओठ हललाच नाही.
चुना लावलेल्या भिंतीसारखी ती बघत राहिली.
आजूबाजूला लोक रडत होते, रुमाल काढत होते,
मला कळेना, कशाला.
शेजारच्या माणसानं विचारलं, तब्येत बरी नाही का?
मी म्हटलं, यंत्र बिघडलंय तुमचं.

क्रूस आता बटणांच्या डब्यात असतो.
सुई शोधताना कधी हाताला लागतो.
मी नख फिरवते, एक, दोन, तीन, सरळ जातं.
चौथ्या खाचेत अडतं जरासं.
तिथे मीही थांबते,
खोकला संपेपर्यंत.