सहा मिनिटं

शेवटच्या थांब्यावर सहा मिनिटं मिळायची.
त्यात लघवी, एक सिगारेट,
काचेवरची पक्ष्यांची घाण पुसायची
आणि बस वळवायची.
सव्वीस वर्षं मी ती वळवली,
सोलच्या बोळांतून वर चढणारी छोटी हिरवी बस,
मोठ्या बसवाले जिला टोळ म्हणायचे.
जिथे वळवायचो तिथूनच, सिमेंटच्या भिंतीला लागून,
लाकडी पायऱ्या झाडांत शिरायच्या.
कुठे जातात, कधी विचारलं नाही.
डोंगर दुरून साजरे असतील;
मला तो आरशात दिसायचा, तोही अर्धा,
उरलेल्या अर्ध्यात मागची गाडी.

आता सहासष्ट चालू आहे.
या वयाला मेट्रो फुकट,
पण मेट्रोला टेकड्यांचं काय पडलंय,
ती पोटातून निघून जाते.
मी बसचे पैसे भरतो.
मोठे डोंगर नकोत, तिथे रविवारी
नव्या बुटांची वरात निघते.
मला हव्यात उरलेल्या:
गेह्वासान, जिथून उतरत्या विमानांची
चाकं मोजता येतात.
बोंगह्वासान, जिथे एके काळी शत्रू आला की जाळ पेटवायचे,
आता म्हातारे कमरेभोवती कडी फिरवतात,
कोणी येत नाही.
बेंगन्यनसान, म्हणजे पांढऱ्या कमळाची.
कमळ काही दिसलं नाही.
एक बुजलेला खंदक, आणि झऱ्याशी
साखळीला बांधलेला निळा लोटा.
वर पाटी: पाणी पिण्यायोग्य नाही.
लोक पाटी वाचतात आणि पितात.

अर्ध्या तासात दुसरी बस गाठली
तर तिकीट पुन्हा लागत नाही.
अर्ध्या तासात बसेल अशी टेकडी
अजून सापडायची आहे.

परवा बेंगन्यनवर, व्यायामाच्या लोखंडी सांगाड्यांपाशी,
मागून एक बाई म्हणाली, "तेरा नंबर!"
मी वळलो.
"मान," ती म्हणाली. "अकरा वर्षं तुमची मान बघत आले.
डाव्या कानाखाली तीळ."
मी तिला ओळखलं नाही.
मला माणसं कार्ड टेकवणाऱ्या हातापुरती ठाऊक,
आणि त्या 'टीं' आवाजापुरती.
प्यो मालसुन. कचेऱ्यांच्या फरश्या पुसायची,
पहाटेची पहिली बस तिची.
तिने काकडी मोडली, मोठा तुकडा मला दिला.
मग बोटांवरचं मीठ झटकावं तसं सहज म्हणाली,
"एका हिवाळ्यात बर्फ साचला होता.
मी हात करत पळत आले
आणि तुम्ही दार लावलंत.
अर्धा रोज कापला माझा त्या दिवशी."

मला आठवेना.
आठवेना, हेच जास्त लागलं.
वेळापत्रक असतं, म्हणणार होतो.
सहाच मिनिटं असतात, म्हणणार होतो.
काकडी चावत राहिलो. गार होती.
तीही पुढे काही बोलली नाही,
सांगाड्यावर चढून पाय झुलवत बसली,
जणू हवामानाबद्दल सांगून झालं.

उतरताना ती आडवी उतरते, गुडघ्यांमुळे,
एका पायरीवर दोनदा पाऊल.
"तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. झालो.
खाली बस उभी, इंजिन चालू,
चाकामागे पंचविशीतला पोरगा,
बोटाने घड्याळावर टिचक्या मारणारा.
मी एक पाय आत ठेवला, एक रस्त्यावर,
कार्ड शोधल्यासारखे खिसे चाचपले.
कार्ड हातातच होतं.
त्याने आरशात पाहिलं.
ती नजर मला पाठ आहे,
मीच ती त्या आरशात ठेवून गेलो होतो.
"आजोबा, आत की बाहेर?"

वर, झाडांमध्ये, तिची जांभळी टोपी दिसली,
गेली, पुन्हा दिसली.
चौदा-एक पायऱ्या उरल्या असतील.
मी दुसरा खिसा चाचपू लागलो.